दोन तिरप्या रेघा

१८ नोव्हेंबर

मंजुषा पुण्याहून आली. परभणीहून झरीपर्यंत बसनं आणि तिथून गावापर्यंत माझ्या मोटारसायकलवर. सामानासाठी दोन फेऱ्या माराव्या लागल्या. दोन बॅगा, गादीची वळकटी, बादली, इस्त्री, मिक्सर. म्हणलं, "महिन्याभरासाठी एवढं?" म्हणाली, "रूमवरची मैत्रीण सोडून गेली अण्णा, एकटीनं कशाला राहायचं. कंपनीनं घरून काम करा म्हणून सांगितलंय."

कंपनी शहाणी दिसते.

मिक्सर तिनं आईला दिला. कस्तुरानं मिक्सरकडं पाहिलं, मग पोरीकडं पाहिलं, आणि काही न बोलता भाकरी थापायला बसली. जास्त आनंद झाला की ती अशीच गप्प होते.

मे महिन्यात मी येलदरीच्या जलविद्युत केंद्रातून रिटायर झालो आणि गावी आलो. बत्तीस वर्षं दर तासाला लॉगशीट भरली. आता हाताला चैन पडत नाही म्हणून ही डायरी. रोज लिहीनच असं नाही.

२१ नोव्हेंबर

पोरगी दहाला वरच्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. आज चहा घेऊन दाराशी दहा मिनिटं उभा होतो. आतून आवाज नाही. हल्लीच्या मीटिंगा मुक्यानं होत असाव्यात, नुसतं लिहून.

जेवताना विचारलं, "मंजू, तू नेमकं काय करतीस गं? लोकं विचारतात. मी आपलं सांगतो, सॉफ्टवेअर. पुढं काही विचारलं की माझी गाडी बंद पडती."

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "शिकवू का?"

"या वयात?"

"टर्बाइन चालवलंय तुमी. हे त्याच्यापेक्षा लय सोपं हाय."

तिनं स्वतःचा जुना लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. कंपनीचा म्हणे दुरुस्तीला गेलाय. पायथन नावाची भाषा. पहिली ओळ तिनं सांगितली, मी एकेक अक्षर शोधत टाइप केली. बटण दाबलं आणि खाली उमटलं, राम राम मंडळी. मी कस्तुराला हाका मारून बोलावलं. तिनं हात पुसत पाहिलं. म्हणाली, "तुमीच लिहिलं, आन तुमालाच वाचून दावलं. त्यात काय?"

तरी पाच वेळा चालवून पाहिलं.

२९ नोव्हेंबर

व्हेरिएबल म्हणजे काय ते आज समजलं. तिनं आधी डब्याचं उदाहरण दिलं. डब्यावर नाव, आत साखर. मला पटेना. एका डब्यातलं दुसऱ्यात ओतलं की पहिला रिकामा व्हायला पाहिजे. इथं पहिलाही भरलेलाच.

मग ती म्हणाली, "अण्णा, तुमच्या कंट्रोल रूमातला फळा. 'पातळी' हा शब्द पांढऱ्या रंगानं कायमचा रंगवलेला. त्याच्या पुढचा आकडा खडूचा. दर तासाला पुसायचा आणि नवा लिहायचा. नाव तेच, आकडा बदलतो."

एकदम लख्ख उजेड पडला. पण व्हेरिएबलपेक्षा फळ्याचंच नवल वाटलं. ती सहा-सात वर्षांची असेल. सुट्टीत आईबरोबर माझा जेवणाचा डबा घेऊन यायची आणि त्या फळ्याखाली पाय हलवत बसायची. तिला तो आठवत असेल असं कधी वाटलं नव्हतं. तिच्या लहानपणीचं मला फारसं आठवत नाही. मी पाळीत. रात्रपाळी करून आलो की दिवसा झोपायचो. कस्तुरा सांगते, पोरगी अख्खं वाक्य पहिल्यांदा बोलली ते "हळू बोला, अण्णा झोपलेत."

आता ती रोज दोन-तीन तास माझ्याशेजारी बसते. सोमवारीही, रविवारीही. कंपनी चांगली आहे, पोरीला बराच मोकळा वेळ देते.

५ डिसेंबर

झरीचा बाजार. हॉटेलात माणिकराव भेटले. कालव्यातून आमच्या शिवारात पाणी आणणारी जी चारी, तिच्या पाणी वापर संस्थेचे ते अध्यक्ष. चहा सांगितला आणि मंजूचा विषय निघाला. मीच काढला. म्हणलं, पोरगी घरबसल्या पुण्याचं काम करायलीय, कंपनीचं तिच्याशिवाय पान हलत नाही.

माणिकराव म्हणाले, "मग आमच्या पुतण्याचं बघा की महारुद्रराव. इंजिनियर हाय. तिच्याच कंपनीत चिटकवून द्या."

म्हणलं, "हे काय सांगणं झालं?" त्याच्या बायोडाटाचा कागद खिशात घालून घरी आलो.

मंजूनं तो कागद बराच वेळ हातात धरला. "बघते," म्हणाली. तिचं तोंड उतरल्यासारखं वाटलं. पुतण्याला मार्क कमी असतील.

रात्री कस्तुरा मला म्हणाली, "पोरीला कामाचं विचारत जाऊ नका. घरी आलीय तर घरात राहू द्या."

बापानं कौतुक करू नये तर कुणी करावं?

९ डिसेंबर

दोन तास डोकं खाजवलं. प्रोग्राम चालेना. ओळ न् ओळ वाचली. शेवटी मंजूनं मागून एक बोट दाखवलं. ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिली होती. बेजार झालो. म्हणलं, "एवढ्याशा चुकीपायी सगळं बंद? तुमच्या कंपनीत तर असं काही झालं की माणसाला काढूनच टाकत असतील."

"चूक न करताही काढतात, अण्णा," म्हणाली आणि हसत वर निघून गेली.

तिची थट्टा मला कधी कळत नाही.

१६ डिसेंबर

आज माणिकराव घरी आले. जानेवारीत कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटणार. आमच्या चारीवर एकतीस शेतकरी. पाणी आलं की एकामागून एक पाळी, एकरी तीन तास. कुणाची कधी सुरू, कधी बंद, याची यादी दरवर्षी बन्सीधर गुरुजी वहीत हातानं काढायचे. औंदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू.

"तुमी पाण्यातलेच माणूस," माणिकराव म्हणाले. "आन घरात इंजिनियर पोरगी. कॉम्प्युटरवर काढा की यादी."

मी लगेच हो म्हणलं. इतकी वर्षं ज्या धरणाचं पाणी खाली सोडलं, तेच खालच्या सिद्धेश्वर धरणातून कालव्यानं आमच्या चारीला येतं. ते कुणाच्या रानात किती वेळ जाईल ते आता मी लिहिणार. आणि ठरवलं, प्रोग्राम माझ्या हातानं लिहायचा. मंजूनं फक्त बघायचं.

मंजू म्हणाली, "आधी गुरुजींकडं जाऊन या. ते कसं काढायचे ते विचारा."

"त्यात काय विचारायचं? गुंठे गुणिले तीन, भागिले चाळीस. झाले तास."

"तरी विचारा, अण्णा."

उद्या जाईन.

२४ डिसेंबर

जमलं! एकतीस नावं, प्रत्येकाचे गुंठे. लूप एकेकाला उचलतो, तास काढतो, मागच्याची पाळी जिथं संपली तिथून याची सुरू करतो. सकाळी सव्वाअकराला पहिल्यांदा पूर्ण यादी पडद्यावर सरकली. मंजूनं टाळ्या वाजवल्या. मग तिनं तीन-चार नावं वहीत हातानं काढून ताळा पाहिला. बरोबर.

"अण्णा, तुमी माझ्या कॉलेजातल्या निम्म्या पोरांपेक्षा बरं लिहिता."

मी म्हणलं, "बापाला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस." पण चढलो. कस्तुरानं शिरा केला. तिघं ओसरीत बसून खाल्ला. मंजूनं दोनदा घेतला. ती आली तेव्हा फार वाळली होती, हे आज ती खाताना लक्षात आलं.

गुरुजींकडं जायचं राहिलंच. आता गरज नाही.

२ जानेवारी

मंजू सकाळी चांगला ड्रेस घालून परभणीला गेली, मैत्रिणीला भेटायला. जाताना म्हणाली, "यादी छापू नका. तासांची मिनिटं करायची राहिलीत, आल्यावर करून देते."

अकराला माणिकरावांचा फोन. पाणी सहा तारखेला सुटतंय, यादी आजच लावा.

मी यादी उघडली. रंगनाथच्या नावापुढं ४.५७५ तास. असं घड्याळ कुणाकडं असतं? प्रत्येकाच्या आकड्याला अशा शेपट्या. लोक हसतील. मग वहीत लिहून ठेवलेलं सापडलं. भागाकाराची तिरपी रेघ एकाऐवजी दोनदा मारली की उत्तर पूर्ण आकड्यात येतं. दोन रेघा मारल्या. काय सुंदर यादी आली! चार, सहा, नऊ, चोवीस.

काही ओळींत मात्र शून्य तास आले. या सालात ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांचे गुंठे मी शून्य धरले होते. त्यांच्या ओळी कशाला छापायच्या? एक अट घातली. तास शून्य असतील तर छापू नको. हीसुद्धा कुणाला न विचारता, एकट्यानं.

झरीला जाऊन छापून आणली आणि संस्थेच्या कार्यालयाबाहेर फळ्यावर चिकटवली. लोक पाहायला जमले. रंगनाथ म्हणाला, "काय साफ यादी हाय!"

मंजू संध्याकाळी आली. यादी लावली म्हणून सांगितलं तर "बरं" म्हणाली आणि झोपली. मैत्रीण भेटली नाही वाटतं.

६ जानेवारी

सकाळी चारीला पाणी आलं. पहिली पाळी यादीप्रमाणे सुरू. जाऊन पाहून आलो. माझ्या पायांपाशी माझ्या यादीनं पाणी वळत होतं. दुसरं काही लिहायला नाही.

८ जानेवारी

आजचं सगळं लिहायचं. वगळायचं नाही.

सकाळी कार्यालयाकडं गेलो तर फळ्यासमोर बानूबाई उभी. मुंजाजीची बायको. त्यांची मेंढरं आहेत, आणि चारीच्या टोकाला अकरा गुंठे रान. त्यात ज्वारी. बानूबाईला वाचता येत नाही.

"भाऊ, माजी पाळी कवा हाय ते सांगा की. मालक मेंढरं घिऊन गंगेकडं, गोदावरीच्या काठाला गेले, पंधरा दिवस झाले. मी ह्या पाण्यापायीच मागं थांबले. पाणी झालं की परवा निघायचंय."

मी यादी वरून खाली वाचली. खालून वर वाचली. मुंजाजीचं नाव नाही.

"तुमी अर्ज केला नसंल," मी म्हणलं.

"केला की. तुमच्या मंजीनंच तर लिहून दिला. मी अंगठा लावला."

"मग अंगठा नीट उमटला नसंल."

हे मी म्हणालो. जसं म्हणालो तसं लिहून ठेवतो.

बानूबाई फळ्यावर अजूनही कुठं नाव असेल असं पाहत राहिली. मी घरी आलो. लॅपटॉप उघडला. आतल्या यादीत मुंजाजीचं नाव होतं. गुंठे अकरा. नाव आत आहे आणि बाहेर नाही. मंजूला हाक मारली.

तिनं एक नजर टाकली. "ही रेघ दोनदा कुणी मारली?"

मी सांगितलं.

"अण्णा, दोन रेघा मारल्या की ते अपूर्णांक टाकून देतं. अकरा गुंठ्यांचे पाऊण तासाच्या वर होतात. पूर्ण तास भरत न्हाई, म्हणून शून्य. आणि शून्य असलं की छापू नको, असं तुमी पुढं लिहिलंय." तिनं बोटांवर मोजलं. "असे चार जण गेलेत. मोठ्यांचं थोडं थोडं गेलं. ह्यांचं सगळंच."

मी शून्याच्या ओळी पुसल्या तेव्हा वाटलं होतं, ती अर्ज न करणाऱ्यांची नावं आहेत. किती नावं आत आणि किती बाहेर, ते मोजलं नव्हतं.

दुपारी कार्यालयात दहा-बारा जण जमले. बानूबाई दाराशी बसलेली. माणिकरावांनी विचारलं, "यादी कुणी केली ही?"

मी तोंड उघडायच्या आत मंजू म्हणाली, "मी केली, काका. चूक माझी."

मला वाटलं, आता बोलावं. पण फळ्यासमोर लोकांनी केलेलं कौतुक डोळ्यांपुढं आलं, आणि मी माझ्या चपलांकडं पाहत बसलो.

माणिकराव हसले. "कंपनीत बी असंच काम करतीस का गं? तरी पगार देत्यात?"

सगळे हसले. मंजू "येते" म्हणून निघून गेली.

घरी आलो. कस्तुरा चुलीपुढून उठली नाही. तिकडं तोंड करूनच म्हणाली, "सप्टेंबरात काढलं तिला कंपनीनं. ऐंशी माणसं एकाच दिवशी."

मी खाली बसलो.

"तुला कधी सांगितलं?"

"सांगितलं न्हाई. मिक्सर घिऊन आली तवाच कळलं. परत जाणारं माणूस मिक्सर आणत न्हाई. आठ दिवसांनी एकदा विचारलं, तवा रडली." मग ती वळली. "त्या पोरीला चूक नसताना काढलं. आन तुमी चूक करून गप बसलाव."

पस्तीस वर्षांच्या संसारात ती मला असं कधी बोलली नव्हती. वर जाऊन मंजूचं दार वाजवावं असं वाटलं. जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. 

९ जानेवारी

कार्यालय दहाला उघडतं. साडेनऊपासून पायरीवर बसलो. माणिकराव आले, रंगनाथ आला, आणखी पाच-सात जण. बानूबाई आधीच आली होती. माझ्यापासून लांब बसली होती.

मी उभं राहून म्हणलं, "काल माझी पोरगी खोटं बोलली. यादी मी केली. चूक माझी हाय."

माणिकराव समजूतदारपणे मान हलवायला लागले. "आवो महारुद्रराव, आमी बी पोरीचे बाप हाव. लेकराची चूक अंगावर घ्यावं वाटतंच. जाऊ द्या आता."

"जाऊ द्या नाही. मी केली."

"तुमाला कुठं येतंय हे कॉम्प्युटरचं? काल-परवापर्यंत मोबाईल धड लावता येत नव्हता."

कुणाला पटेना. चूक माझी आहे हे पटवायला आधी मला हे काम येतं ते पटवावं लागणार होतं. मी यादी काढून बाजूला ठेवली आणि फळ्यावर खडूनं लिहायला घेतलं. मुंजाजी, गुंठे अकरा. गुणिले तीन, तेहतीस. भागिले चाळीस. एक तिरपी रेघ मारली तर काय येतं, दोन मारल्या तर काय येतं. मग ती अट, ओळीत दोन टिंबांसकट. मी ती का लिहिली, कधी लिहिली, मंजूनं छापू नका म्हणलं होतं आणि ती परभणीला गेली असताना मी कशी छापून आणली, सगळं. कुठं चुकलं नाही. अर्धा तास बोललो असेन. मध्ये रंगनाथनं विचारलं, "म्हंजी माझी बी अर्ध्या तासापेक्षा जास्त पाळी खाल्ली व्हय?" म्हणलं, "खाल्ली." त्यानं घड्याळाकडं पाहिलं, जसं काही तेवढा वेळ त्यात कुठं अडकलाय.

बानूबाई फळ्याकडं पाहत म्हणाली, "भाऊ, ते समदं मला कळलं न्हाई. पर एक इचारते. आमी सांजच्याला मेंढरं मोजल्याबिगर वाडग्याच्या दाराला झाप लावत न्हाव. सकाळी सोडली तेवढी आली का, बघतो. तुमच्या त्या मशिनीत तसं मोजत न्हाईत का?"

"मोजायचं असतं," मी म्हणलं. "मी मोजलं न्हाई. आणि काल अंगठ्याचं बोललो ते चुकलं माझं."

"ते व्हय," ती म्हणाली. एवढंच.

माणिकरावांनी फळ्यावरचा हिशेब पुन्हा वाचला. मग म्हणाले, "पोरीला काल मी हसलो."

"तिला कंपनीनं काढलंय," मी म्हणलं. "चूक काही नव्हती तिची. मीच झरीत सांगत फिरत होतो. तुमच्या पुतण्याचा कागद परत आणून देतो."

कुणी हसलं नाही. लोक पोटभर हसतील अशी भीती मी उगीच बाळगली होती, आणि मंजूनंही.

ठरलं ते असं. सगळ्यांच्या पाळ्यांतून तुटलेले तास शेवटी उरतात, ते यादीतून गळालेल्या बाकीच्या तिघांना. बानूबाईला तेवढं थांबता येत नाही. माझी दोन एकरांची पाळी उद्या सकाळी आहे. त्यातून आधी तिचं रान.

१० जानेवारी

सकाळी सातला मी आणि मंजू फावडी घेऊन चारीच्या टोकाला. थंडी मरणाची. बानूबाईनं सरीला आधीच वाट काढून ठेवली होती. पाणी ज्वारीत शिरलं आणि ती पुढं पुढं पाण्याबरोबर चालत गेली, जसं काही तेसुद्धा हाकायचं असतं.

आम्ही बांधावर बसलो.

मंजू म्हणाली, "आईनं सांगितलं ना तुमाला?"

"आईनं सांगितलं ते आईचं. तू सांग."

मग तिनं सांगितलं. पंधरा मिनिटांची मीटिंग होती. पडद्यावर कुणीतरी कागद वाचून दाखवला. संपल्यावर लॅपटॉप आपोआप बंद झाला. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मुलीला नंबर द्यायचा राहिला.

"दोन महिने मी माझी चूक शोधत बसले, अण्णा. सगळं आठवून आठवून. कुठंच सापडंना. सापडली असती तर दुरुस्त तरी केली असती."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमी झरीत कुणाकुणाला सांगून ठेवलंय ते मला ठाऊक होतं. माझ्यामुळं तुमाला त्या हॉटेलात चहा पिता आला नसता." मग नाकाला ओढणी लावून म्हणाली, "आणि वरच्या खोलीत दिवस जाता जायचा न्हाई. तुमी शिकायला बसायचात तेवढे दोन तास बरे जायचे."

मला वाटत होतं, ती मला वेळ देते.

  तिच्या पायाला चिखल लागला होता, तो माझ्या उपरण्यानं पुसायला गेलो, तर म्हणाली, "अण्णा, अजून पाणी द्यायचंय, परत भरंल." तरी पुसला.

पन्नास मिनिटं झाल्यावर बानूबाई लांबून ओरडली, "बास! तुमचं तुमी घ्या आता." मंजूनं घड्याळ पाहिलं. एक मिनिटही इकडंतिकडं नव्हतं. बानूबाईकडं घड्याळ नाही.

१२ जानेवारी

गुरुजींकडं गेलो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा. सगळं ऐकून म्हणाले, "तासाच्या खाली कुणाला द्यायचंच न्हाई. पाणी रानात पोचायलाच पाव तास जातो. बारकं रान असलं की मी पुरा एक तास धरायचो."

"पण गुरुजी, हे वहीत कुठंच लिहिलेलं न्हाई."

"ते काय लिहायचं? कुणी विचारलं तर सांगतो की."

सायकलवरून येताना दोनदा उतरून चालत आलो. मनातल्या मनात मंजूची माफी मागत होतो.

१५ जानेवारी

पुढच्या आवर्तनाची यादी. या खेपेला सगळ्या एकतीस जणांचे अर्ज आहेत. तासाच्या खाली असेल तर एक तास, ही अट घातली. शेवटी नावं मोजणाऱ्या दोन ओळी. आत एकतीस, बाहेर एकतीस. नसतील तर प्रोग्राम छापायला नकार देईल. तेव्हा पडद्यावर यायचं वाक्य मीच लिहिलं, मराठीत: आधी मोजा.

मंजूनं ताळा पाहिला. मी शेजारी बसून राहिलो. ती बघून होईपर्यंत कशालाच हात लावला नाही.

२७ जानेवारी

मंजू आता दार उघडं ठेवून बसते. तिची तयारी चालली आहे. मुलाखतीत कोडी घालतात म्हणे. ती मला पुढं बसवते आणि मोठ्यानं समजावून सांगते. मला कळलं तर तिला आलं, असं ठरवलंय. मी मुद्दाम अडाण्यासारखे प्रश्न विचारतो. मुद्दाम नसलेलेही बरेच असतात. कस्तुरा खालून ओरडते, "बाप-लेक भांडायलेत का शिकायलेत?"

झरीच्या हॉटेलात गेलो होतो. माणिकरावांनीच चहा सांगितला. पोरीचं काही विचारलं नाही, पण निघताना म्हणाले, "तिला म्हणावं, पुतण्या बी घरीच बसलाय. तयारी करताना त्याला बी बोलवा." मंजूला विचारलं, ती हो म्हणाली. पोरगा उद्यापासून येणार आहे.

६ फेब्रुवारी

सकाळी दहाला मुलाखत होती, पुण्याच्या एका कंपनीची, पडद्यावर. मी गोठ्यात जाऊन बसलो. घरात पायाचासुद्धा आवाज नको म्हणून. कस्तुरा मळ्यात गेली होती.

अकराच्या सुमारास मंजू गोठ्यात आली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"न्हाई म्हणाले, अण्णा. दोन कोडी आली, तिसरं अडलं."

"कोणतं?"

"सांगू?"

तिनं तिथंच काडीनं जमिनीवर काढून दाखवलं. मला निम्मं कळलं. आम्ही दोघं उकिडवे बसून त्याच्यावर वाद घालत राहिलो. तिला मध्येच उत्तर सापडलं आणि ती "अरे देवा!" म्हणून कपाळाला हात लावून हसायला लागली. हसता हसता जरा रडली. पुढची मुलाखत अठरा तारखेला आहे.

बाराला कस्तुरा मळ्यातून आली. डोक्यावरचा भारा टाकत तिनं विचारलं, "काय झालं गं मंजू?"

म्हणजे तिला अजून माहीत नव्हतं. आधी मला सांगितलं होतं.

पोरीला नकार आला आणि मी दिवसभर आतून खूश आहे. हे सांगायला कुणी नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.